बारा घरं आणि मधली गल्ली

धारणीच्या एसटी स्टँडवर कंडक्टरनं माझी पिशवी हातानं दाबून पाहिली.

"बाई, काय आहे यात?"

"कोयता. पुण्याला नेतेय."

"कोयता घेऊन पुण्याला?"

"बांबू चिरायचे आहेत."

त्याला ते काही पटेना. शेवटी कोयता गोणपाटात गुंडाळला, वरून सुतळीचे वेढे दिले आणि तो कंडक्टरच्या सीटखाली गेला, तेव्हा कुठं गाडी हलली. एवढ्या गडबडीत आईला नीट निरोप द्यायचाही राहिला.

मी सोमती कासदेकर. आम्ही कोरकू, मेळघाटातले. शाळा पाचवीपर्यंत. आश्रमशाळेतून एकदा पळून आले ती आलेच. पण कूड (बांबूच्या कामट्या विणून, वर माती-शेण लिंपून केलेली भिंत) घालायचा म्हटला की आमच्या भागात माझं नाव निघतं. पुण्याचं बोलावणं आलं ते त्यामुळंच. धाकटी बहीण मंगली आणि तिचा नवरा हिरालाल तीन वर्षांपूर्वी तिकडे बांधकामावर गेले. काम संपलं तसे त्यांचे राहायचे पत्र्याचे शेड काढून टाकले, आणि तेव्हापासून ती दोघं, एक तान्हं पोर आणि आमच्याच लोकांची आणखी अकरा कुटुंबं येरवड्याला एका पुलाखाली राहत होती. त्यांच्यासाठी एका संस्थेनं लोणी काळभोरच्या पुढं बारा घरं बांधली. मातीची, बांबूची, आमच्यासारखी. अकरा पुरी झाली, एकाचा कूड राहिला. आणि तयार अकरा घरांत दोन महिने कुणी राहायलाच जाईना. महिनाअखेरीपर्यंत कुणी आलं नाही तर ती यादीतल्या पुढच्या लोकांना द्यावी लागतील, असं संस्थेच्या माणसांनी फोनवर सांगितलं. "तुम्ही कूड पूर्ण करा, आणि तुमच्या भाषेत जरा बोलूनही बघा," असं ते काम होतं.

खोटं कशाला सांगू, अमरावतीच्या पुढं मी कधी गेले नव्हते. अमरावतीहून ट्रॅव्हल्समध्ये बसले तेव्हा पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. शेजारी कॉलेजातली एक पोरगी होती. मी तिला चार वेळा विचारलं, येरवडा गेलं तर नाही ना?

"काकू, अजून नगरपण नाही आलं. टेन्शन नका घेऊ, लोकेशन ऑन आहे माझं. मी उठवते ना तुम्हाला."

तिनं खरंच उठवलं. स्वतः झोपमोड करून, माझी पिशवी दारापर्यंत आणून दिली. तिचं नाव विचारायचं राहिलं. आजही चुकल्यासारखं वाटतं.

सकाळची थंडी होती. वाघोलीपासूनच दोन्ही बाजूंना इमारती सुरू झालेल्या, आणि खराडीला तर काचेच्याच. एवढ्या काचा रोज पुसतं कोण, हाच विचार मी येरवड्यापर्यंत केला. उतरले तर चहूबाजूंनी गाड्या. मफलर गुंडाळून फिरायला निघालेले एक आजोबा दिसले. त्यांना विचारलं, "दादा, इथं पूल कुठं आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "आपण त्याच्याच खाली उभ्या आहात."

आणि गेले. रागावले नव्हते, बोलणंच तसं असतं म्हणे इथलं. दहा पावलं जाऊन मात्र ते वळले आणि काठीनं दाखवलं, "तुमची माणसं पलीकडल्या खांबापाशी असतील. रस्ता सिग्नल बघून ओलांडा."

पलीकडे गेले आणि पाय थांबले. पुलाच्या खांबांना धरून अंथरुणांच्या दोन ओळी होत्या. इकडे सहा चुली, तिकडे सहा चुली, एकमेकींकडे तोंड करून. मधली जागा लख्ख झाडलेली. वरून ट्रक जात होते आणि खाली आमचं गाव वसलं होतं. मंगलीनं मला पाहिलं. मी रडायला लागले तशी म्हणाली, "जीजी (थोरली बहीण), आधी जोम (जेव). मग रड."

मी गावाहून नेलेल्या कुटकीचा (आमच्याकडचं बारीक धान्य) तिनं भात टाकला. समोरच्या चुलीवरून रामकलीनं वांग्याचं कालवण आणून दिलं. जेवता जेवता मी विषय काढला.

"घर पाहिलंस का गं?"

"पाहिलं. चांगलं आहे."

"मग जात का नाहीस?"

"जाऊ की."

रामकलीला विचारलं. तीही म्हणाली, चांगलं आहे. हिरालाल म्हणाला, फार चांगलं आहे. अन् सगळे भाताकडे बघत होते. आमची माणसं एखाद्या गोष्टीला एकदा चांगली म्हणाली तर ती चांगली असते. तीनदा म्हणाली तर काहीतरी बिनसलेलं असतं.

हिरालालनं मला हडपसरला नेऊन लोणीच्या बसमध्ये बसवलं. हायवे सोडून आत गेलं की ऊस लागतो, मग कालवा. त्यातलं पाणी खडकवासल्याच्या धरणातून एवढ्या लांब येतं, हे ऐकून मला बरं वाटलं. पाणीसुद्धा परगावाहून आलेलं.

कालव्याच्या अंगाला ती घरं. खरं सांगते, मी हरखून गेले. दगडी जोतं, छप्पर पेलायला बांबूच्या मेढी, वर कौलं. कौलांवरचं पाणी पन्हाळीतून टाकीत. न्हाणीचं पाणी केळींना. भर दुपारी आत शिरलं तरी अंगाला गारवा. एका टोकाला संडास, दुसऱ्या टोकाला मोठी खोली. तिथं आठवड्यातून दोनदा नर्सबाई येणार आणि रेशनकार्डाचे, आधारचे कागद करून द्यायला एक माणूस बसणार. हे सगळं ज्यांनी कागदावर काढलं त्या गौरीताई. वय तिशीचं, पायात चप्पल, नखांत माती. त्या मेळघाटात येऊन आमची घरं बघून, मोजून गेल्या होत्या. त्यांना नमस्कार करायला वाकले तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"सोमतीताई, माझं कुठं चुकलं ते मला शोधून द्या. मला झोप लागत नाही."

त्यांच्याबरोबर दामलेकाका होते. रिटायर इंजिनिअर, फुकट काम बघायला यायचे आणि त्याची भरपाई बोलण्यातून काढायचे.

"कासदेकर? म्हणजे आपण मूळच्या कोकणातल्या?"

"नाही, मेळघाटातल्या. कोरकू."

"अस्सं. मला वाटलं, 'कर' लावायचा मक्ता आमच्याकडेच आहे."

"आमच्यात बेठेकर आहेत, मावसकर आहेत, भिलावेकर आहेत."

"बरं झालं सांगितलंत. उगाच इतकी वर्षं ऐट केली."

पहिल्या दिवशीच माझी फजिती झाली. बाराव्या घराजवळचीच माती कालवून नमुन्याला विणलेल्या हातभर कुडावर गिलावा करून पाहिला. सकाळी बघते तर त्याला बोटबोटभर भेगा. काळी माती ती, वाळली की फाटणारच; मला कळायला हवं होतं. घाबरून मी त्या भेगांपुढं पदर धरून उभी राहिले, जसं काही कुणाला दिसणारच नाही. शेजारच्या उसाचे मालक तात्या बांधावर उभे राहून बघत होते.

"काय वं बाई, येवढ्या लांबनं आली आन् काळी लावती व्हय भित्तीला? काळी पिकाला, पांढरी घराला. चल, दावतो."

त्यांनी जुन्या गावठाणातली पांढरी माती दाखवली, बैलगाडीनं आणूनही दिली. वर शेण, वर भुसा. बायकोला हाक मारून पिठलं-भाकरी मागवली. आणि सगळं देता देता बोलत होते, "आमी मातीची घरं पाडून सिमिटाची बांधली, आन् तुमी पुन्यात येऊन मातीची बांधताय. उन्हाळ्यात आमीच येनार हाय तुमच्याकडं झोपाया."

पांढऱ्या मातीचा गिलावा बसला तो दगडासारखा. जिवात जीव आला.

मग दोन दिवस गौरीताई कामाला बाहेर होत्या, काकांना सर्दी. नकाशाचा कागद माझ्याजवळ ठेवला होता. मी तो नीट बघितला, म्हणजे मला तरी तसं वाटलं. नंतर कामट्या चिरल्या, कूड विणायला बसले आणि हात चालायला लागले. एकटीचं काम, ऊन छान, जवळ कालवा. मी गातसुद्धा होते. दोन दिवसांत कूड उभा केला, दाराची चौकट बसवली, एक हात गिलावाही दिला.

तिसऱ्या दिवशी दामलेकाका आले. घराला एक फेरी मारली. रुमालानं नाक पुसलं.

"बाई, हे दार आहे की वाऱ्याची दिशा? हवं तिकडं फिरवलंत?"

मी अकरा घरांकडं बघितलं तेव्हा कळलं. सहा-सहा घरांच्या दोन ओळी होत्या, पण पाठीला पाठ. दारं सगळी बाहेर, शेतांकडे. दोन ओळींच्या मध्ये पंधरा फुटांचा पट्टा, त्यातून पावसाच्या पाण्याची नाली. तिकडे सगळ्या घरांच्या बंद भिंती. आणि फक्त माझं दार त्या नालीच्या पट्ट्याकडे उघडत होतं. मी पट्ट्यात उभी राहिले असणार, समोर घर दिसलं असणार, आणि हातांनी आपोआप दार तिकडे लावलं. आमच्याकडे दुसरीकडे लावतंच कोण?

"काका, मी काढते. आजच काढते. गौरीताईंना सांगू नका."

"सांगायला कशाला हवं? दार आहे ते, मुंगी नाही. दिसेल त्यांना."

मला वाटलं, आता मला परत पाठवणार. आणि मंगलीचं घरही माझ्यामुळंच जाणार.

तो रविवार होता. पुलाखालच्या सगळ्यांना सुट्टी, म्हणून मंगली, रामकली आणि आणखी सात-आठ बाया मला भेटायला आल्या. मी तोंड लपवून चिखल तुडवत होते. बायांनी अकरा घरांकडे पाहिलंही नाही. त्या सरळ पट्ट्यात शिरल्या, माझ्या चुकीच्या दारासमोर आल्या आणि थबकल्या. रामकली त्या दारात जाऊन बसली. मंगली समोरच्या घराच्या बंद भिंतीला टेकून खाली बसली, पोराला पाजायला घेतलं. मग या दारातून त्या भिंतीकडे गप्पा सुरू झाल्या. कुणीतरी नालीवर फळी टाकली, त्यावर तिघी बसल्या. हसायला लागल्या. दोन महिन्यांत त्या जागेत पहिल्यांदा कुणी हसत होतं, असं गौरीताई नंतर म्हणाल्या. त्या कोपऱ्यावर कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलंच नाही.

"सोमतीताई, हे काय चाललंय?"

दार काढून टाकते, एवढंच म्हणणार होते. पण मंगलीचं पोर समोर होतं. मी बोलले. आयुष्यात शिकल्यासवरल्या माणसांपुढं एवढं सलग कधी बोलले नव्हते.

"ताई, आमच्याकडं गावाचा रस्ता मधे असतो आणि घरं दोन्ही अंगांना, दाराला दार. एवढंच गाव असतं. जे घर पाठ करून बसतं, त्याचं कुणाशी तरी बोलणं तुटलेलं असतं. ही सगळीच घरं पाठ करून बसलीत. यांना वाटलं, तुम्हाला यांनी एकमेकांशी बोललेलं नको आहे."

गौरीताईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, पुलाखाली यांना आडोसा नाही. निदान घरात तरी कुणी कुणाच्या दारात डोकावू नये."

मग मंगली बोलली. कोरकूत बोलली, मी मराठी करून सांगितलं. "त्या घराचं दार उघडलं की ऊस दिसतो. माणूस दिसत नाही. माझ्या पोराला ताप चढला तेव्हा मी झोपले होते. रामकलीला तिच्या चुलीवरून दिसलं. तिथं कुणाला दिसणार?"

दामलेकाका मध्ये पडले. "अहो, पण सहा मीटिंगा झाल्या! प्रत्येक वेळी नकाशा दाखवला. प्रत्येकानं मान डोलावली!"

मी मंगलीला विचारलं. तिनं मान खाली घालून उत्तर दिलं.

"काय म्हणतात त्या?"

"म्हणते, तुम्ही चहा दिला होता."

"म्हणजे?"

"ज्याचा चहा प्यायला त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

गौरीताई नालीवरच्या फळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी 'आवडलं का' एवढंच विचारत राहिले. 'तुम्ही असता तर कसं बांधलं असतं' हे एकदाही नाही विचारलं." मग त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली, नकाशा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तो पट्टा काढायला घेतला. "किती रुंद हवा, रामकलीताई?" रामकलीनं उठून पावलं टाकून दाखवलं. होता तेवढाच पुरत होता. तो पट्टा तिथं होताच, फक्त त्याला कुणी गल्ली म्हटलं नव्हतं.

महिना संपायला नऊ दिवस होते. अकरा दारं फिरवायची होती. विटांची घरं असती तर तिथंच विषय संपला असता. पण ही आमची घरं. छप्पर पेलतात मेढी, भिंत नुसता पडदा. दामलेकाकांनी प्रत्येक मेढ ठोकून पाहिली आणि जाहीर केलं, "चौकट तीच, कूड तोच. पुढचा मागं, मागचा पुढं. जुन्या दाराच्या जागी खिडकी. उसालाही बघायला कुणीतरी हवं." नालीवर शहाबादी फरशी टाकायचं त्यांनीच सुचवलं. "बसायलाही होईल. नाहीतरी तुम्ही बसणारच आहात."

पुढचे नऊ दिवस मी विसरणार नाही. दिवसा पुरुष आपापल्या साइटवर जायचे आणि चार वाजले की मिळेल त्या टेम्पोनं इकडे यायचे. बायांनी तर तीन दिवस कामच सोडलं. हिरालाल कामट्या चिरायचा, माझा कोयता त्याच्याकडून परत घ्यायची सोय राहिली नाही. कालव्याला पाण्याची पाळी होती, म्हणून चिखलाला पाणी मुबलक. आम्ही गोल धरून चिखल तुडवायचो आणि गायचो. तात्या भुसा टाकायला आले आणि धोतर खोचून तेही गोलात शिरले. गौरीताई घोट्यापर्यंत चिखलात. एके दिवशी काका बांधावरून सूचना देता देता घसरले आणि दोन्ही पाय घेऊन थेट आत. काकांनी चष्मा पुसला.

"माझ्या नोकरीत कुठल्या इंजिनिअरला असं पाहिलं असतं तर तिथल्या तिथं सस्पेंड केला असता," ते म्हणाले. "आता आलोच आहे तर गाणं तरी सांगा कसं म्हणायचं ते."

काकांनी कोरकू गाणं म्हटलं. ते ऐकून रामकलीला हसून हसून खोकला लागला.

शेवटचं दार बसलं त्या दिवशी अठ्ठावीस तारीख होती. संस्थेची मोठी माणसं तीस तारखेला बघायला आली तेव्हा बाराही चुली पेटलेल्या होत्या. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. अंथरुणं, भांडी, दोन कोंबड्या, सगळं पुलाखालून आलं होतं. बाटूआजा म्हणून एक म्हातारे आहेत, ते मात्र घरात झोपेनात. मोकळ्यावर झोपायची सवय झालेली. त्यांनी खाट गल्लीतच टाकली. गौरीताईंनी विचारलं, "आजोबा, तुमच्या घरात काय बदलू?" त्यांनी गल्लीच्या कडेला बोटानं एक छोटा ओटा आखून दाखवला. तो आता नकाशात आहे.

माझी निघायची सकाळ आली. मी पिशवी भरली आणि मंगलीचा निरोप घ्यायला गल्लीत आले, तर तिथं मोठमोठ्यानं आवाज.

"अर्धी गल्ली तुझी आहे ना? मग कचरा माझ्या अर्ध्यात का ढकलतेस?"

"मी ढकलला? वाऱ्यानं गेला!"

"वारा काय तुझा भाऊ लागतो का गं?"

मंगली आपल्या दारात, रामकली आपल्या दारात, दोघींच्या हातात झाडू. मला पाहून मंगली म्हणाली, "जीजी, थांब जरा, हिला सांगते मग येते." मी थांबले. पण दोघींचं काही संपेना. तात्या फटफटी सुरू करून उभे होते. "बाई, ट्रॅव्हल्स सुटंल हां. ह्येंचं दुपारपातुर चालनार हाय." मी पोराची एक पापी घेतली आणि निघाले. गौरीताईंनी डब्यात पोळी-भाजी दिली होती. दामलेकाकांनी स्वतःची शाल दिली आणि "परत नाही केलीत तरी चालेल, आठवण केली नाहीत तर चालणार नाही," असं म्हणून तोंड फिरवलं.

सबंध रस्ताभर माझ्या मनात एकच येत होतं. मला भीती होती, एवढ्या मोठ्या शहरात माझ्यासारख्या पाचवी शिकलेल्या बाईनं चूक केली तर काय होईल? चूक झालीच. पण त्या शहरात अशीही माणसं निघाली, जी चुकीपाशी थांबली आणि ती कशी झाली हे त्यांनी विचारलं. माझ्या गावात तरी असं कितीदा होतं? मला माहीत नाही. मी त्यांचे उपकार कुठं ठेवू हेही मला माहीत नाही.

घरी पोचले तेव्हा आई सुपात कुटकी पाखडत होती. मला पाहून उठली नाही, बहुतेक काय ऐकावं लागेल या धाकानं. नुसतं विचारलं, "मंगली?"

"भांडत होती."

सूप थांबलं. "कुणाशी?"

"समोरच्या दारातल्या रामकलीशी. गल्ली झाडण्यावरून."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडभर हसू पसरलं आणि सूप पुन्हा हलायला लागलं.

"म्हणजे लागली राहायला," ती म्हणाली.